उघडत नसलेला खटका : कॅम्प डेव्हिस, १९४३

पार्श्वभूमी

डिसेंबर १९४१ ते ऑगस्ट १९४५ या काळात अमेरिकेच्या लष्करी हवाई दलाची जवळपास १५,००० माणसं शत्रूची गोळी न लागता, मायदेशातच विमान अपघातांत गेली. त्या पावणेचार वर्षांत देशांतर्गत अपघात झाले ५२,००० हून अधिक, आणि त्यातले ६,००० हून अधिक प्राणघातक होते. आकडे इतके मोठे असले की डोळ्यांवरून नुसते वाहून जातात. म्हणून एकच तळ आणि एकच महिना घेऊ या.

तळ होता उत्तर कॅरोलायना राज्यातला कॅम्प डेव्हिस. अटलांटिकच्या किनाऱ्याजवळ, दलदल आणि पाइनची झाडी यांच्या मधोमध. इथे विमानविरोधी तोफा चालवणाऱ्यांचं प्रशिक्षण चाले. तोफचीला सरावासाठी आकाशात हलतं लक्ष्य लागतं. त्यामुळे एक विमान लांब तारेला कापडी नळकांडं बांधून ते किनाऱ्याला समांतर ओढत न्यायचं आणि खालून नवशिके तोफची त्यावर खरा दारूगोळा डागायचे. रात्री सर्चलाइटच्या झोतात घिरट्या घालणं, तोफांच्या अंगावर कमी उंचीवरून झेपावत जाणं ही कामंही त्याच विमानांची. अशा कामात वैमानिकाला शौर्यपदक मिळत नाही आणि मिळण्याची आशाही नसते. लढाईवर जायला उत्सुक असलेल्या तरुण अधिकाऱ्यांना ही नेमणूक शिक्षेसारखी वाटे.

विमान होतं डग्लस कंपनीचं ए-२४. नौदल हेच विमान एसबीडी डाँटलेस या नावाने वापरत होतं आणि जून १९४२ मध्ये मिडवेच्या लढाईत त्याने जपानी विमानवाहू जहाजं बुडवली होती. लष्कराच्या वाट्याला मात्र त्याचं यश आलं नाही. जुलै १९४२ मध्ये न्यू गिनीत बुनाजवळ पाठवलेल्या छोट्या तुकडीतली बहुतेक विमानं परतलीच नाहीत. त्यानंतर लष्कराने पॅसिफिकच्या आघाडीवरून ए-२४ मागे घेतलं आणि प्रशिक्षणाला, लक्ष्य ओढायला लावलं. आघाडीवरून उतरवलेल्या यंत्राला सुटे भाग, टायर आणि चांगलं इंधन रांगेत शेवटी मिळतं, हे कुठल्याही युद्धात ठरलेलंच.

जुलै १९४३ मध्ये या तळावर पंचवीस स्त्री वैमानिक दाखल झाल्या. त्यांना इथे पाठवलं जॅकलिन कॉक्रन यांनी. कॉक्रन स्वतः विक्रमी वैमानिक आणि स्त्रियांच्या उड्डाण प्रशिक्षणाच्या प्रमुख. ऑगस्टमध्ये दोन वेगवेगळ्या गटांचं एकत्रीकरण होऊन ‘विमेन एअरफोर्स सर्व्हिस पायलट्स’, म्हणजे वास्प, ही संघटना उभी राहिली. तोवर स्त्रियांकडे मुख्यतः कारखान्यातून तळावर विमानं पोचवण्याचं काम होतं. लक्ष्य ओढण्याचं काम त्यांना जमतं हे दाखवून दिलं तर पुढची दारं उघडतील, असा कॉक्रन यांचा हिशेब होता. कॅम्प डेव्हिस म्हणजे त्या हिशेबाची पहिली परीक्षा.

या प्रकरणात एक बाब सतत पाठीशी राहते. या स्त्रिया लष्कराची विमानं लष्कराच्या हुकमाने उडवत, पण कागदोपत्री त्या सैनिक नव्हत्या, नागरी कर्मचारी होत्या. प्रशिक्षणात महिना १५० डॉलर आणि नंतर २५०. लष्करी विमा नाही, मेल्यास लष्करी अंत्यसंस्कार नाहीत.

अडचण

लष्करी हवाई दलात प्रत्येक विमानासोबत एक फॉर्म असे. उतरल्यावर वैमानिकाने त्यात दोष लिहायचे, मेकॅनिकने दुरुस्ती करून सही करायची. विमानाची अवस्था लाल खुणांनी कळे. लाल फुली असेल तर ते उडवायचं नाही. आडवी लाल रेघ म्हणजे ठरलेली तपासणी राहिली आहे. तिरपी लाल रेघ म्हणजे दोष आहे, पण उडता येईल. तिरप्या रेघेच्या विमानाला जबाबदार व्यक्तीने सही करून मोकळीक द्यायची.

कागदावर ही पद्धत निर्दोष आहे. मेंटेनन्सच्या कामात वावरलेल्या कुणालाही तिची दुसरी बाजूही माहीत असते. सुटे भाग नाहीत, माणसं कमी आणि उद्या सकाळी तोफखान्याला विमान हवंय, असं असलं की तिरपी रेघ हे सोयीचं घर होतं. दोष नोंदलेला असतो म्हणून कुणी खोटं बोललेलं नसतं. विमान उडतं म्हणून कुणी काम अडवलेलंही नसतं. आणि दोष जागच्या जागी राहतो.

कॅम्प डेव्हिसवर आलेल्या स्त्रियांच्या आठवणींमध्ये ए-२४ विषयीच्या तक्रारी पुन्हा पुन्हा येतात. इंजिन मध्येच दम तोडतं, टायर झिजलेले, रेडिओ ऐकू येत नाही, हवं त्याहून कमी ऑक्टेनचं इंधन भरलं जातं. वैमानिक लिहीत होत्या. पुढच्या फेरीला फॉर्म उघडला की तोच दोष तिथेच. ही विमानं पुरुष वैमानिकही उडवत होते आणि त्यांच्याही तक्रारी होत्या, हे इथे सांगायला हवं. विमान बाई बघून बंद पडत नव्हतं.

त्या तक्रारींमधली एक होती कॅनॉपीच्या खटक्याची. ए-२४ मध्ये दोन माणसं एकामागे एक बसत आणि डोक्यावर सरकती काचेची झाकणं असत. एका विमानात पुढच्या झाकणाचा खटका आतून नीट उघडत नव्हता. ते उघडायला बाहेरून हात लागे. नेहमीच्या फेरीत याने काही अडत नाही. जमिनीवरचा मेकॅनिक पंखावर चढतो, झाकण सरकवतो, वैमानिक उतरतो. दोन मिनिटांची कटकट आणि इंजिनाच्या तक्रारींपुढे अगदीच किरकोळ.

२३ ऑगस्टची रात्र

त्या रात्री स्त्री वैमानिकांच्या ए-२४ मधल्या रात्रीच्या चेक फ्लाइट, म्हणजे कौशल्य तपासणारी उड्डाणं, होत्या. मागच्या आसनावर एक लेफ्टनंट प्रशिक्षक. खरं तर आधी पाळी होती दुसऱ्या एकीची. ती जेवली नव्हती, म्हणून पुढे अपघातात सापडलेल्या वैमानिकेने आपण होऊन तिच्या आधीची पाळी घेतली. ती मैत्रीण जेवणघरात असतानाच अपघाताचा भोंगा वाजला.

उड्डाण करून फेरी घेऊन विमान उतरायला येत असताना इंजिन साथ देईना. धावपट्टी गाठायच्या आत ते टोकाच्या पाइनच्या शेंड्यांना धडकलं आणि खाली आदळून दोन तुकडे झाले. मागच्या तुकड्यातून प्रशिक्षक बाहेर फेकला गेला; जबर जखमी झाला, पण वाचला. पुढच्या भागाने पेट घेतला. वैमानिक आत होती, जिवंत होती, आणि झाकण उघडत नव्हतं. जेवणघरातून धावत आलेल्या मैत्रिणींना तिच्या किंकाळ्या ऐकू येत होत्या. ज्वाळांमुळे कुणाला जवळ जाता आलं नाही.

त्या रात्री दोन दोष एकत्र आले. इंजिनाने विमान पाडलं. वैमानिकाला मारलं ते मात्र झाकणाने. प्रशिक्षक त्याच अपघातातून वाचला, म्हणजे धडक स्वतःहून जीवघेणी असायलाच हवी होती असं नाही. ‘उडता येईल’ या वर्गात बसणारा खटक्याचा दोष जमिनीवर पोचल्यावरच आपला खरा दर्जा दाखवतो, कारण विमान नीट उडत असताना तो खटका कुणाला लागतच नाही.

समोरचे पर्याय

अपघातानंतर कॉक्रन तळावर आल्या. त्यांच्यासमोर आणि तळाच्या अधिकाऱ्यांसमोर तीन वाटा होत्या. चौथी कुणी उघडपणे बोललं नाही, पण ती सगळ्यांच्या मनात होती.

पहिली वाट म्हणजे सगळी ए-२४ विमानं थांबवून एकेक तपासणं. यात तोफखान्याचा सराव खोळंबतो, आणि इटलीत उतरायची तयारी चाललेली असताना विमानविरोधी तुकड्यांचा सराव थांबवायला वरून परवानगी मिळणं अवघड.

दुसरी, स्त्री वैमानिकांना या तळावरून काढून घेणं. ही सुरक्षित होती, पण तिची किंमत कॉक्रन यांना नेमकी ठाऊक होती. तळावर त्यांच्या येण्याला विरोध होताच. सुरुवातीला त्यांच्या हाती हलकी विमानंच देण्यात आली होती. एका अपघाताने मुलींना परत नेलं, तर ‘सांगितलं होतं ना’ म्हणणारे रांगेत उभे होते.

तिसरी, काम चालू ठेवून दुरुस्तीसाठी पाठपुरावा करणं.

चौथी वाट होती प्रकरण उघड करणं. वर्तमानपत्रं, काँग्रेसचे म्हणजे अमेरिकी संसदेचे सदस्य, कुटुंबं. युद्धकाळात हा रस्ता कुणाही लष्करी माणसाला जवळजवळ बंद असतो. नागरी कर्मचारी असल्यामुळे या स्त्रियांना तो तांत्रिकदृष्ट्या खुला होता. पण स्वतःच्याच संघटनेच्या पायावर कुऱ्हाड मारल्याशिवाय त्यावरून जाता येत नव्हतं.

वैमानिकांसमोरचा पर्याय साधा आणि अधिक क्रूर होता: राजीनामा द्या किंवा त्याच विमानात बसा. सैनिक नसल्यामुळे त्या सोडून जाऊ शकत होत्या. काहींनी तसा विचार केला. बहुतेक राहिल्या. त्यामागे धाडस होतं, हट्ट होता, आणि एक हिशेबही असावा असं मला वाटतं. मी गेले तर माझ्या जागी पुढे कुणालाच बोलावणार नाहीत, हे त्यांना कळत होतं. ज्याच्यावर असा भार आहे, त्याचं ‘मी उडायला तयार आहे’ हे सांगणं विमानाच्या तंदुरुस्तीचा पुरावा म्हणून धरता येत नाही. पहिल्या टप्प्यावरची ही मोठी चूक मला इथे दिसते: वैमानिकांच्या तयारीला तळाने संमती मानलं.

काय केलं गेलं

तिसरी वाट घेतली गेली. कॉक्रन यांनी वैमानिकांशी बोलून, नोंदी पाहून वरिष्ठांकडे विषय नेला. विमानं मात्र उडत राहिली.

मृत वैमानिकेचं पार्थिव घरी पाठवायला लष्कराच्या नियमांत तरतूद नव्हती. अशा वेळी वास्पमधल्या मैत्रिणी वर्गणी काढत आणि एखादी सहकारी पार्थिवासोबत जाई. शवपेटीवर राष्ट्रध्वज घालण्याचा हक्कही नव्हता. पुढे संघटना बरखास्त होईपर्यंत ही वर्गणीची पद्धत वास्पच्या जवळजवळ प्रत्येक मृत्यूला लागू पडली.

आणि २३ सप्टेंबरला दुसरा अपघात झाला. पुन्हा ए-२४. विमान उतरताना उसळलं, वैमानिकाने पुन्हा वर जाण्यासाठी थ्रॉटल, म्हणजे इंजिनाची ताकद वाढवणारा दांडा, पुढे ढकलला, पण ताकद वेळेत आली नाही आणि विमान उलटलं. ती जागीच गेली. त्याच विमानाच्या थ्रॉटलबद्दल आदल्या दिवशी तक्रार झाली होती, असं तिच्या सहकारी पुढे सांगत आल्या.

उसळलेलं विमान पुन्हा उचलणं हे काही कठीण कसब नाही. शिकाऊ वैमानिक ते रोज करतात. पण त्या दोन सेकंदांत सगळी भिस्त एकाच गोष्टीवर असते, हात पुढे गेला की इंजिनाने लगेच प्रतिसाद द्यावा. विमान जमिनीलगत, वेग कमी, नाक वर. अशा वेळी थ्रॉटल अडखळला तर कुशल आणि नवशिका यांत फारसा फरक उरत नाही.

साखरेची गोष्ट

दुसऱ्या अपघातानंतर कॉक्रन यांनी पुन्हा चौकशी केली. वास्पच्या इतिहासलेखनात असं नोंदवलं गेलं आहे की त्या विमानाच्या इंधनात साखरेचे अंश सापडले, म्हणजे कुणीतरी मुद्दाम टाकले असावेत, आणि ही गोष्ट फुटली तर संघटनाच बंद पडेल या भीतीने कॉक्रन यांनी ती दाबून ठेवली.

आज कॅम्प डेव्हिसचं नाव निघालं की लोकांना हीच गोष्ट आठवते. साहजिक आहे. तिच्यात खलनायक आहे, हेतू आहे, कट आहे. पण तांत्रिक बाजूने ती जपून हाताळायला हवी. साखर पेट्रोलमध्ये जवळजवळ विरघळत नाही. दाणे टाकीच्या तळाशी बसतात, किंवा वाहत जाऊन गाळणीत अडकतात आणि इंधनाचा पुरवठा तुटतो. थ्रॉटलचा दांडा किंवा त्याची जोडणी अडकणं हा वेगळा दोष. कॉकपिटमध्ये बसलेल्या माणसाला दोन्ही सारखेच जाणवू शकतात: हात पुढे गेला, ताकद आली नाही. म्हणून साखर सापडली असली तरी तीच अपघाताचं कारण होती, असं त्यावरून सिद्ध होत नाही. आदल्या दिवशीची तक्रार खरी असेल, तर दोष आधीपासून होता आणि ठाऊकही होता.

घातपात झालाच नाही, असा माझा दावा नाही. तळावरचं वैर खरं होतं. पण साखर दाबून ठेवण्याच्या निर्णयाने दोन्ही बाजूंनी नुकसान केलं. घातपात झाला असेल, तर करणारा मोकळा राहिला आणि त्याच तळावर स्त्रियाच नव्हे तर सगळेच वैमानिक धोक्यात राहिले. झाला नसेल, तर अर्धवट कुजबुजीने मेंटेनन्सच्या प्रश्नावर पडदा टाकला. रहस्य असलं की लोक गुन्हेगार शोधतात, सुट्या भागांची मागणी कुठे अडकली ते कुणी विचारत नाही.

कॉक्रन यांच्या बाजूनेही बोलता येतं. त्यांच्या हाती एकच पत्ता होता, हॅप अरनॉल्ड यांचा पाठिंबा. हवाई दलाचे प्रमुख सोबत असेपर्यंत संघटना जिवंत. त्यांना अडचणीत आणणारी बातमी बाहेर गेली असती, तर पुढच्या शेकडो स्त्रियांचं प्रशिक्षण थांबलं असतं. एका तळावरचा न्याय आणि एका संघटनेचं आयुष्य यांत त्यांनी दुसरं निवडलं. मला तो निर्णय समजतो, पटत नाही. कारण उघड करणं आणि गप्प बसणं यांच्यामध्येही जागा होती: अरनॉल्ड यांनाच गुप्तपणे सांगून बाहेरच्या तळावरचं तांत्रिक पथक मागवणं.

निष्पत्ती

स्त्री वैमानिक कॅम्प डेव्हिसवर लक्ष्य ओढत राहिल्या. काम जमतं हे सिद्ध झालं आणि पुढे इतर तळांवरही त्यांना हेच काम मिळालं. त्या अर्थाने कॉक्रन यांचा हिशेब बरोबर आला.

संघटना मात्र तरीही टिकली नाही. वास्पला लष्करी दर्जा देणारं विधेयक जून १९४४ मध्ये अमेरिकी प्रतिनिधिगृहात पडलं. २० डिसेंबर १९४४ रोजी संघटना बरखास्त झाली. २५,००० हून अधिक अर्ज, १,०७४ पदवीधर, ३८ मृत्यू. सैनिक म्हणून मान्यतेचा कायदा झाला १९७७ मध्ये. काँग्रेसचं सुवर्णपदक २०१० मध्ये दिलं गेलं, तोवर बहुतेकजणी गेल्या होत्या.

ज्या भीतीने साखरेची गोष्ट दाबली, ती भीती चौदा-पंधरा महिन्यांत खरी ठरली, आणि ती अपघातांमुळे नव्हे. परतणाऱ्या पुरुष वैमानिकांच्या आणि नागरी प्रशिक्षकांच्या नोकऱ्यांचा दबाव निर्णायक ठरला. दाबून ठेवण्याचा मोबदला मिळाला तो तात्पुरता.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी खुणांची पद्धत. ‘विमान उडेल का’ हा प्रश्न दोषांची वर्गवारी करायला पुरेसा नाही. ‘विमान पडलं तर आतला माणूस बाहेर येईल का’ हा दुसरा प्रश्न हवा. कॅनॉपीचा खटका, पट्ट्यांचं बक्कल, अग्निशामक, पॅराशूट: यांतल्या कशातही दोष असेल तर थेट लाल फुली, सहीने मोकळीक नाही. आजच्या नागरी विमान वाहतुकीत कोणता दोष घेऊन उडता येईल याची यादी विमानागणिक आधीच ठरलेली असते, आणि बाहेर पडण्याच्या मार्गांबाबत त्यात सवलत अगदी थोडी असते. त्या रात्री अशी यादी असती, तर तरुण वैमानिकाला किंवा थकलेल्या मेकॅनिकला अंधारात स्वतःच्या मनाने ठरवावं लागलं नसतं.

दुसरी गोष्ट फुकट होती. विमानवाहू जहाजांवरून हेच डाँटलेस उडवणारे नौदलाचे वैमानिक उड्डाण आणि उतरण्याच्या वेळी कॅनॉपी उघडी ठेवत, कारण समुद्रात पडलं तर काही क्षणांतच बाहेर यावं लागे. लष्कराच्या तळांवर तीच सवय लावली असती, तर खटका बिघडलेला असूनही झाकण मागेच सरकलेलं राहिलं असतं. तेच विमान वापरणाऱ्या शेजारच्या दलाला काय ठाऊक आहे, हे विचारायला कागदपत्रं लागत नाहीत. दलांमधली चढाओढ मात्र आड येते.

चेक फ्लाइटचा क्रमही पाहण्यासारखा आहे. तक्रारी असलेल्या विमानात, नव्या वैमानिकाची, तीही रात्री, असे तीन धोके एकावर एक चढवले गेले. प्रशिक्षणाच्या वेळापत्रकात प्रत्येक बाब एकटी बघितली तर बिनचूक असते. एकत्र कुणी बघत नाही. विमान जुनं असेल तर पहिली चेक फ्लाइट दिवसा, एवढा एक नियम पुरेसा होता.

राहता राहिला तो मधला महिना. पहिल्या मृत्यूचं इंजिनाचं कारण शोधायला वेळ लागला असता, हे मान्य. खटक्याचं कारण त्याच रात्री समोर होतं. तळावरच्या प्रत्येक ए-२४ मध्ये एका माणसाने आत बसायचं, झाकण लावायचं आणि आतून एका हाताने उघडून बघायचं. उघडलं नाही तर ते विमान बाजूला. सोबत मागच्या महिन्याचे फॉर्म घेऊन थ्रॉटलच्या तक्रारी वेगळ्या काढायच्या आणि त्या विमानांची जोडणी तपासायची. यासाठी वॉशिंग्टनची परवानगी लागत नव्हती, तळाच्या मेंटेनन्स अधिकाऱ्याच्या अधिकारात हे बसत होतं. तोफखान्याचं वेळापत्रक एखादा दिवस मागे गेलं असतं.